सहा पीएसआय

माझ्याकडे 1994 ची माझदा मियाटा आहे, लाल, पाच गिअरची, हेडलाइट बटण दाबलं की वर येणारी. बाकी जगात हिला एमएक्स-5 म्हणतात, इकडे अमेरिकेत मियाटा. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिच्यात 1.6 लिटरचं इंजिन होतं, मग 94 च्या मॉडेलला 1.8 आलं आणि हॉर्सपॉवर 116 वरून 128 झाली. आज 128 म्हणजे काहीच नाही, पण गाडीचं वजन हजार किलोंच्या थोडंसंच वर, इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना आणि सीट इतकी खाली की दार उघडून हात सोडला तर रस्त्याला लागेल. वळणावर ही गाडी जे सांगते ते मी आजवर चालवलेल्या एकाही महागड्या गाडीने सांगितलेलं नाही. त्यामुळे "त्यापेक्षा नवीन फास्ट गाडी घे की" हा सल्ला मला अगदी जवळच्या लोकांनी दिला तरी पटला नाही. मला दुसरी गाडी नको होती, हीच हवी होती, फक्त चढाला जरा जास्त दमाची.

चढ म्हणजे कुठला, तर सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनचा रस्ता. वर लिक वेधशाळा आहे, साधारण 4,200 फुटांवर, आणि हा रस्ता 1876 च्या सुमाराला तिच्यासाठीच बांधला, घोडागाडीतून सामान वर न्यायचं म्हणून चढ मुद्दाम सौम्य ठेवला आणि त्याच्या बदल्यात वळणं मात्र शेकड्याने आली. वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये 3000 आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की 1.8 चं इंजिन खरंच प्रयत्न करतं पण गाडी पुढे सरकायला वेळ लागतो, मग दुसऱ्या गिअरला या, इंजिन ओरडत ठेवा, असं सगळं. वर जाल तसं अजून वाईट, कारण समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर 14.7 पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पौंड) असतं ते वेधशाळेपर्यंत साडेबाराच्या आसपास येतं, म्हणजे इंजिनला मुळात हवाच कमी.

आता हवा वाढवायचे रस्ते दोन, टर्बो नाहीतर सुपरचार्जर, दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, म्हणजे जी ऊर्जा एरवी सायलेन्सरमधून बाहेर जाणार तीच वापरतो, त्यामुळे कागदावर तोच हुशार, आणि जास्तीत जास्त हॉर्सपॉवर हवी असेल तर मी कोणालाही टर्बोच लाव म्हणेन. सुपरचार्जर बेल्टने थेट क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला बांधलेला, तो फिरवायला इंजिनचीच काही ताकद जाते. पण त्या बांधलेपणाचा एक फार मोठा फायदा आहे, पाय दाबला की प्रेशर तिथल्या तिथे. वाट बघणं नाही, मग अचानक धक्का नाही. मियाटाचं सगळं सुख पाय आणि मागची चाकं यांच्यातल्या सरळ नात्यात आहे, ते नातं मला बिघडवायचं नव्हतं. म्हणून सुपरचार्जर.

एक जुनं किट मिळालं, ईटन कंपनीचा एम45 ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरचा हवा ढकलणारा पंप असलेलं, नव्वदीच्या दशकात मियाटासाठीच बनवलेलं. एम45 मधले 45 म्हणजे एका फेऱ्यात 45 क्युबिक इंच हवा, आपल्या भाषेत साधारण 740 सीसी. आधीच्या मालकाने दोन बोल्टचे आटे घालवून ठेवले होते आणि ब्लोअरमधलं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं. या ब्लोअरला स्वतःचं वेगळं तेल असतं, पुढच्या गिअरच्या डब्यात, त्याचा इंजिन ऑइलशी संबंध नाही, आणि ते जुनं झालं की त्याला असा काही वास येतो की ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. प्लग उघडून ते काळपट तेल ट्रेमध्ये ओतलं आणि गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं, तरी आतून बायकोची हाक आलीच, काय जळलं म्हणून.

त्याच उन्हाळ्यात अण्णा आणि आई कोल्हापूरहून आले होते. अण्णांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली, गाड्यांचे कास्टिंग ओतणं हेच काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, देशातल्या कितीतरी इंजिनांमध्ये आहे. मी ब्लोअर बाकावर ठेवून आउटलेटच्या तोंडातून रोटर पुसत होतो, अण्णा चहाचा कप घेऊन आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तर आपल्या कुपोल्याचा ब्लोअर की रं! एवढासा केलाय व्हय?"

कुपोला म्हणजे फाउंड्रीतली लोखंड वितळवायची भट्टी, आणि ते शंभर टक्के बरोबर होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. भट्ट्यांना हवा मारायला आणि खाणींत हवा खेळवायला ते वापरलं जायचं. गॉटलीब डाइमलरने इंजिनात दाबून हवा भरायचं पेटंट घेतलं ते पुढे 1885 मध्ये. म्हणजे माझ्या बाकावर जे होतं ते गाडीच्या जगात फाउंड्रीतूनच आलेलं, आणि अण्णांनी ते तीस-पस्तीस वर्षं रोज ऐकलेलं.

अण्णांनी कप खाली ठेवला, पुली हातात धरली आणि अगदी हळू फिरवली. कान जवळ नेला. मग पुली पुढेमागे हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते बघितलं. आत दोन रोटर असतात, प्रत्येकाला तीन पाकळ्या, सरळ नाही तर पीळ दिलेल्या, आणि ते एकमेकांच्या उलट फिरतात. गुऱ्हाळातल्या चरकासारखं दिसतं पण काम उलटं आहे, चरकात ऊस दोन लाटांच्या मधून जातो, इथे हवा मधून जातच नाही, पाकळी आणि बाहेरची भिंत यांच्यातल्या पोकळीत अडकून कडेकडेने पलीकडे नेली जाते. आणि रोटर एकमेकांना शिवतही नाहीत, त्यांच्यात बारीकशी फट असते, ती सांभाळायला पुढे गिअर. शिवले तर संपलं, कारण इंजिन 7000 ला पोचतं तेव्हा हे रोटर तेरा-चौदा हजारांवर असतात. अण्णा म्हणाले, "बेअरिंग चांगलं हाय. आवाज सरळ हाय." मला दुसऱ्या कुठल्या तपासणीची गरज वाटली नाही.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी अजून प्रत्येकाला सांगतो. "हवा वाढीवलीस, ठीक. कोक कुठनं वाढीवणार?"

फाउंड्रीत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे. कुपोल्यात हवा आणि कोक, म्हणजे भट्टीत जळणारा कोळसा, यांचं प्रमाण ठरलेलं, नुसती हवा मारत राहिलं तर उष्णता वाढण्याऐवजी लोखंडच जळायला लागतं, ओतायला गेलं तर माल थंड. इंजिनात कोकच्या जागी पेट्रोल, आणि इथे परिणाम जास्त भयंकर, हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती फुल लोडवर आली तर आत तापमान इतकं वाढतं की ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळून त्याला भोक पडू शकतं, तेही काही सेकंदांत.

सुपरचार्जरबद्दल मला जे काही सांगायचंय ते या प्रश्नात आलं. हवा वाढवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. ब्रॅकेट, बेल्ट, पुली, होज, क्लॅम्प, हाताला काम येत असेल आणि धीर असेल तर कोणीही बसवेल. खरं काम त्यानंतर येणाऱ्या तीन गोष्टींचं आहे, पेट्रोल, स्पार्कची वेळ आणि उष्णता, आणि यातली एकही नजरेला दिसत नाही. बॉनेट उघडल्यावर लोक चकचकीत ब्लोअरचे फोटो काढतात, मला मात्र कोपऱ्यातला तो लहानसा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर दाखवावासा वाटतो.

आधी हवेचं गणित. 1,839 सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन एका फेऱ्यात निम्मी म्हणजे 920 सीसी हवा ओढतं. पुलींच्या प्रमाणामुळे तेवढ्यात ब्लोअरचे जवळजवळ दोन फेरे होतात, म्हणजे 1,400 सीसीच्या आसपास. काही हवा फटींतून मागे गळते, बाकीची कुठे जाणार, इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाटते आणि प्रेशर तयार होतं. ब्लोअर स्वतःच्या आत हवा दाबत नाही, तो फक्त इंजिनला गिळता येईल त्याहून जास्त हवा पुढे ढकलत राहतो. माझ्या सेटिंगला हे प्रेशर वातावरणापेक्षा सहा पीएसआय जास्त येतं, म्हणजे 14.7 च्या जागी 20.7, साधारण 40 टक्के वाढ. या जादा प्रेशरला बूस्ट म्हणतात.

पण 40 टक्के जास्त प्रेशर म्हणजे 40 टक्के जास्त हवा नव्हे, इथे बरेच लोक फसतात. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारलाय त्या प्रत्येकाच्या हाताला हे माहितीये, आणि या जातीचा ब्लोअर त्या बाबतीत फारसा काटकसरी नाही. 25 अंशांची हवा आत गेली तर बाहेर येताना ती 75-80 अंशांची असते. गरम हवा विरळ, त्यामुळे हवेच्या वजनातली खरी वाढ प्रेशरच्या वाढीच्या निम्म्याच्या आसपास राहते. शिवाय ही गरम हवा सिलिंडरमध्ये अजून दाबली जाणार, तिथे स्पार्कने लागलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपणहून पेटलं की नॉकिंग, तो कोरडा टणटण आवाज, जो ऐकल्याबरोबर पाय उचलायचा असतो. ऑक्टेन जितका जास्त तितकं पेट्रोल असं आपणहून पेटत नाही, आणि कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं प्रीमियम पेट्रोल 91 ऑक्टेनचं, दुसऱ्या बऱ्याच राज्यांत 93 मिळतं, हे दोन आकडेही या हिशोबात धरावे लागतात. 94 च्या या इंजिनचं कॉम्प्रेशन 9 ला 1 आहे, म्हणजे बेताचं, म्हणून सहा पीएसआय त्याला इंटरकूलरशिवाय, म्हणजे दाबलेली हवा थंड न करता, झेपतं. दहासाठी मी हे धाडस केलं नसतं.

म्हणून बसवण्याच्या आधी इंजिनची प्रकृती बघितली. कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर 170 पीएसआयच्या वर आणि एकमेकांत फरक अगदी थोडा, तेव्हाच पुढे जायचं ठरवलं. रेडिएटर बदलला, कारण या गाड्यांच्या मूळ रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी असते ती वयाने तपकिरी होते, आणि तपकिरी झाली की कधी फुटेल सांगता येत नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचे ब्रेक पॅड, ब्रेकचे होज. कंटाळवाणी कामं आहेत, फोटो काढण्यासारखी नाहीत, पण एवढं केल्याशिवाय कोणी बूस्टच्या गोष्टी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पार्क प्लग एनजीकेचे, मूळपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, आणि गॅप 1.1 वरून 0.8 मिलिमीटरवर आणला, कारण दाट मिश्रणात ठिणगी लांब उडी मारू शकत नाही. पेट्रोलसाठी किटमध्ये तो रेग्युलेटर, मॅनिफोल्डमध्ये बूस्ट आला की तो फ्युएल रेलमधलं प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो पण त्यातून पेट्रोल जास्त जातं. जुनी, मेकॅनिकल, साधी पद्धत. आज लोक यावर हसतात, कॉम्प्युटर बदला म्हणतात, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे, पण मला तो बदलायचा नव्हता, त्याचं कारण खाली येतंय. स्पार्कसाठी वेगळा छोटा बॉक्स, बूस्टमध्ये टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं मागे ओढणारा.

बेस टायमिंग मात्र हाताने लावावं लागतं आणि ते काम मला मनापासून आवडतं. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक बॉक्सचं झाकण उघडायचं, टेन आणि ग्राउंड या दोन पिनांत वायरचा तुकडा घालायचा, की गाडीचा कॉम्प्युटर टायमिंगमध्ये ढवळाढवळ थांबवतो. मग एक नंबरच्या प्लग वायरला टायमिंग लाइटचा चिमटा, आणि इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलला लागून, कॅम अँगल सेन्सरचा 12 चा बोल्ट जरासा ढिला. तिथे हात जेमतेम जातो. सेन्सर केसभर फिरवला तरी खाली पुलीवरची पिवळी खूण सरकते. नाशिकचा माझा एक मित्र आहे, आठवडाभर चिप डिझाइन करतो आणि शनिवारी माझ्याकडे पाने हातात घेतो, तो लाइट धरून "अजून थोडं... थोडं... थांब, थांब" आणि मी मागे आंधळ्यासारखा सेन्सर फिरवतोय. खूण 10 अंशांवर स्थिर झाली, बोल्ट आवळला, परत बघितलं, कारण आवळताना सरकतं. अण्णा बाजूला खुर्चीवर. त्यांनी इंजिन कधी जुळवलं नव्हतं, फक्त त्याचे ब्लॉक ओतले होते, पण लाइटच्या प्रकाशात फिरती पुली जागच्या जागी थांबलेली दिसली तेव्हा ते उठून जवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले.

आता कॉम्प्युटर न बदलण्याचं ते कारण. कॅलिफोर्नियात गाडीत असं काही बसवायचं तर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची, कार्बची, मंजुरी असलेलं किट लागतं, त्याला एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा नंबर असतो आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली लागतं. दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, तिथला माणूस स्टिकर बघतो, टायमिंग बघतो, आणि माझ्या गाडीइतकी जुनी गाडी रोलरवर चढवून 15 आणि 25 मैलांच्या वेगाला सायलेन्सरमधून काय येतंय ते मोजतो. मंजूर किटमधला एखादा भाग मनाने बदलला की मंजुरी गेली. खूप लोक या नियमांना शिव्या घालतात. मी घालत नाही. एकेकाळी लॉस एंजेलिसच्या धुराने लोकांचे डोळे चुरचुरायचे म्हणून हे नियम आले, आणि माझ्या आनंदासाठी शेजारच्यांच्या मुलाने घाण हवा ओढावी हे मला मान्य नाही. नियम पाळून ताकद वाढवता येते हे उलट या रस्त्याचं सौंदर्य आहे. कोल्हापूरहून पुतण्याने विचारलं, काका आपल्याकडे चालतंय काय? तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. रस्त्यावरच्या गाडीत नको रे बाबा, असंच मी त्याला कळवलं.

सुपरचार्जरला विरोध फार जुना आहे, आणि विरोध करणारे साधे लोक नव्हते. डब्ल्यू. ओ. बेंटलींना स्वतःच्या इंजिनावर ब्लोअर बसवलेला अजिबात मान्य नव्हता, जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा हे त्यांचं म्हणणं. टिम बर्किन या त्यांच्याच ड्रायव्हरने तरीही साडेचार लिटरच्या बेंटलीला पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या पुढे, ब्लोअर लावला. 1930 च्या ले मान्सला, फ्रान्समधल्या 24 तासांच्या शर्यतीत, बर्किनने मर्सिडीजला सळो की पळो करून सोडलं, पण शर्यत जिंकली ती ब्लोअर नसलेल्या मोठ्या इंजिनाच्या बेंटलीने, आणि ब्लोअर बेंटली ले मान्स कधीच जिंकली नाही. मात्र त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन त्या अवजड गाडीतून हलक्या रेसिंग गाड्यांमध्ये दुसरा आला. मला दोघंही पटतात. 24 तास फुल लोडवर पळायचं असेल तर बेंटलींचं म्हणणं बरोबर, कारण वाढलेली उष्णता शेवटी वसूल होतेच. पण वळणातून बाहेर पडताना आठ-दहा सेकंद, मग पुढचं वळण, मग परत, अशा रस्त्यावर बर्किनचा उतावळेपणा मला कळतो.

पहिल्यांदा नीट चालवली ती सगळं थंड-गरम दोनदा तपासून, वाइडबँड गेजवर, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर, डोळा ठेवून. साध्या वेगाने जाताना एअर-फ्युएल रेशो, म्हणजे एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, तो 14.7 च्या आसपास, हवेला ब्लोअरला वळसा घालू देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा, ब्लोअर नुसताच फिरतोय, मूळची मियाटा आणि ही यात फरक कळत नाही आणि पेट्रोलही फारसं जास्त जात नाही. मग माउंट हॅमिल्टनच्या पायथ्याशी, तिसरा गिअर, 3000, पाय दाबला. बूस्टच्या गेजवर काटा शून्य ओलांडून चार, पाच, सहा. रेशो 11.8 वर उतरला, म्हणजे पेट्रोल पुरतंय. समोरून एक बारीक शीळ चढत गेली आणि गाडी निघाली, धक्का नाही, अडखळणं नाही, पाय जितका तितकीच, फक्त प्रत्येक ठिकाणी थोडी जास्त. मी मोठ्याने काहीतरी ओरडलो हे नक्की, काय ते आठवत नाही. शेजारी अण्णा, टोपी हातात घट्ट धरून, म्हणाले, "कोक पुरतोय वाटतं."

नंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मागच्या चाकांना 140 च्या थोडी वर हॉर्सपॉवर आली, आधी 105 च्या आसपास होती. आकडा चांगलाच आहे. पण त्या कागदावर मी जास्त वेळ बघितली ती रेशोची रेघ, खालपासून वरपर्यंत जवळजवळ सपाट.

किटसोबत अजून एक लहान पुली आली होती. ती लावली की ब्लोअर अजून जोरात फिरतो, सहाचे आठ होतात. ती मंजुरीतही बसत नाही आणि माझ्या इंजिनला ती उष्णता नको, ऑगस्टमध्ये 101 हायवेच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर मॅनिफोल्डला हात लावून बघा म्हणजे कळेल. ती डब्यात पडून होती. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा आला, फक्त ट्रॅकवर चालवायची मियाटा बांधतोय, ट्रेलरवरून नेणार, नंबरप्लेटसुद्धा नाही, त्याने ती मागितली. त्याला विचारलं पेट्रोलचं काय केलंयस, तर म्हणाला आधी बूस्ट बघतो, मग ट्यून करतो. पुली त्याला दिली, पैसे घेतले नाहीत, पण सोबत माझा जुना वाइडबँड गेजही दिला आणि सांगितलं, आधी हा लाव, फुल थ्रॉटलला रेशो किती दाखवतो ते मला कळव, त्यानंतरच पुलीच्या बोल्टला पाना लाव. परवा त्याचा मेसेज आला, 13.4. मी उत्तर दिलं, मोठे इंजेक्टर घे, पुली अजून डब्यातच राहू दे.